अठरा हजारांत

इम्तियाज मुकादम म्हणाला, वहिनी,
घर विकायचं तर आधी घरातून आपण निघायचं,
मग सामान, मग वास.
गिऱ्हाईक उंबऱ्यावर दोनदा श्वास घेतं
आणि भाव मनात ठरवून आत येतं.

वास म्हणजे मासळीचा.
आम्हाला तो कधी आलाच नव्हता.

हाताशी अठरा हजार, त्यातले तीन पतपेढीचे.
दिगूने वही आडवी धरून लिहिलं:
चुना, पॉलिश पेपर, बिजागऱ्या, नळाचा वायसर,
कौलं,
आणि कौलांपुढे प्रश्नचिन्ह.

पाजपंढरीत कुणाचं तरी घर स्लॅबचं झालं,
तिथून उतरवलेली आणली, नगाला सात रुपये.
नवी असती तर उठून दिसली असती.
जुन्यांत जुनी मिसळली.

चिऱ्याच्या भिंतीला ओल कमरेपर्यंत,
तिथे चुन्याचे दोन हात जास्त.
बावीस वर्षं अंगणवाडीच्या भिंती मी रंगवल्या,
ब्रश मला नवा नाही.
पण हत्ती नाही, अननस नाही, होडी नाही,
नुसतं पांढऱ्यावर पांढरं ओढत जाणं
मनगटाला जड गेलं.

दारं-खिडक्यांचा रंग फुकटात, कमळाकर चोगल्यांकडून.
होडीचा उरलेला निळा, दीड लिटर, वर साय धरलेली.
काठीने ढवळला, जुन्या परकरातून गाळला.
चार रात्री घरभर टर्पेंटाइन,
आणि भरती चढली की वाटायचं
खिडक्या दोर ताणून बघतायत.

न्हाणीत बल्ब लागला.
सहा वर्षं आम्ही अंदाजाने अंघोळ करत होतो.
मधल्या दाराची कडी, जी उचलून, ढकलून, मग खाली ओढायची,
ती आता एका बोटाने लागते.
ओट्यावरचा नळ अकरा वर्षं टिपकत होता.
बारा रुपयांचा वायसर.
बारा फक्त, दिगू म्हणाला,
आणि मग आम्ही दोघंही काही बोललो नाही.
त्या रात्री झोप येईना,
कान त्या थेंबाची वाट बघत राहिला.

सकाळी चहाचा कप घेऊन तो अंगणात उभा.
बरं झालंय गं घर.
आपण बघायला आलो असतो तर घेतलं असतं.
मी म्हटलं, आपल्याला परवडलं नसतं.

रविवारी निगडीची माणसं आली.
दोन दिवस चुलीवर फक्त वरण-भात,
आणि पातेल्यात लवंग-दालचिनी उकळत ठेवलेली,
ही मुकादमची युक्ती.
बाई आत आल्या, लांब श्वास घेतला,
अय्या, इथे समुद्राचा वास नाही येत?
मी मुकादमकडे बघितलं. तो कौलांकडे.

त्यांनी सगळं उघडून पाहिलं.
नळ सोडला, बंद केला. एक थेंब नाही.
मला उगाचच छाती भरून आली.
मग साहेब विहिरीवर वाकले:
पाणी कसं आहे?

मुकादमने बजावलं होतं, म्हणायचं, बारा महिने असतं.
ते खोटंही नाही. असतं बारा महिने.
पण बाईंच्या कडेवर अडीच वर्षांचं पोर,
रहाटाचा दोर ओढून तोंडात घालत होतं.
मी म्हटलं, एप्रिल संपता संपता मचूळ होतं.
मेमध्ये भातसुद्धा खारट लागतो.
प्यायचं टाकीवरून आणायचं, सहा हंडे.

मुकादमने छत्री उघडली आणि परत मिटली.
पावसाचं चिन्ह नव्हतं.

तिथल्या तिथे चाळीस हजार उतरले.
अठरा घालून चाळीस घालवले,
दिगूने वहीत मांडलंच ते,
माझ्या नावावर.

तरी व्यवहार ठरला. महिनाभर घर आमचं आहे.
संध्याकाळी जेटीवरून सहा बांगडे आणले,
तवा ठेवला,
आणि निळ्या खिडक्या एकेक करून लावून घेतल्या,
वास बाहेर जाऊ नये म्हणून.